उशीखालची हळद

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी मला तीन वेळा विचारलं, ‘‘घरी कुठलं औषध चालू होतं का?’’ आणि मी तिन्ही वेळा ‘नाही’ म्हणालो. त्या वेळी माझ्या उशीखाली हळदीच्या गोळ्यांची बाटली होती. त्यातल्या दोन मी सकाळीच घेतल्या होत्या आणि कावीळ लवकर उतरावी म्हणून तिसरी घ्यावी की काय, असा विचार चालू होता.

मी खोटं बोललो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. हळद औषधी असते हे मलाही माहीत होतं. पण डॉक्टर विचारतात ते औषध वेगळं, कागदावर लिहून दिलेलं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. आमटीत हळद घालतो म्हणून डॉक्टरला कुणी सांगत बसतं का?

घरी आल्यावर मला बघायला बरीच माणसं आली. त्यातल्या चार-पाच जणांनी बोलता बोलता खिशातून किंवा पर्समधून तशीच बाटली काढून दाखवली आणि विचारलं, ‘‘ही तर नाय ना?’’ म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही. मी गिरणीवाला आहे.

*

टोकावड्याला माझी गिरणी आहे. तांदळाचं, नाचणीचं दळण बाराही महिने, आणि उन्हाळ्यात मसाल्याचं कांडप. मिरची, धणे, हळकुंड. हळदीच्या दिवशी मी घरी येतो तेव्हा भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत पिवळा असतो. शिंकलो तरी रुमाल पिवळा. तर असा हा माणूस, ज्याच्या नाकाकानात फुकटची हळद जाते, त्याने बाटलीतली हळद घेतली. यावर गावात अजून हसतात आणि त्यांनी हसावं.

गुडघा दुखायचा. दिवसभर चक्कीपाशी उभं राहून उजवा गुडघा असा झाला होता की गिरणीच्या तीन पायऱ्या मी बाजूने, खेकड्यासारखा चढायचो. कमल, म्हणजे माझी बायको, रोज एरंडाचं तेल चोळायची. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ रवी आला. रवीचं मुरबाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जोडीला तो या गोळ्यांच्या बाटल्या विकायचं काम करतो.

‘‘दाजी, तुमी दळता ती हळद पोटातून तशीच निघून जाते. ही अंगात भिनते. यात मिरीचा अर्क घातलाय.’’

‘‘रवी, मी जन्मभर हळद कांडतोय.’’

‘‘म्हणून तर सांगतो. कांडणाऱ्याला काय भेटतं? धूळ.’’

कमल म्हणाली, ‘‘घेऊन बघा. हळदच हाय, त्यात काय व्हायचंय?’’ हे तिचं वाक्य मी पुढे भांडणात दोनदा वापरलं. दोन्ही वेळा अंगाशी आलं.

आता प्रामाणिकपणे सांगतो, गुडघा दुखायचा कमी झाला. तीन-चार आठवड्यांत मी पायऱ्या सरळ चढायला लागलो. रवीला फोन करून सांगितलं, तर त्याने माझं बोलणं रेकॉर्ड करून त्याच्या ग्रुपवर टाकलं. म्हणजे माझ्या आवाजातली शिफारस अजूनही कुणाच्या तरी फोनमध्ये फिरत असेल. एका गोळीने एवढं तर दोनांनी किती, म्हणून मी दोन केल्या. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा गिरणीत धुळीने माखतो, म्हणून तो घरी असतो.

*

पहिली गेली ती भूक. आमच्या घरी बोंबील भाजायला घेतले की मी ताट घेऊन चुलीपाशी जाऊन बसतो, अशी माझी ख्याती. त्या दिवशी वास आला आणि मी उठून अंगणात गेलो. कमलने परतणं थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. मी म्हटलं, हळद भिनतेय. मग अंगाला खाज. मी म्हटलं, मिरचीची धूळ. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. त्या दिवसांत मला एकही प्रश्न पडला नाही.

त्यातच कमलच्या भाच्याचं लग्न आलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. नवऱ्याला लावून उरलेली हळद मांडवातल्या कुणालाही सोडत नाही, आणि मी तर घरचा जावई. बायकांनी मला मानेपासून पोटऱ्यांपर्यंत माखलं. दुसऱ्या दिवशी सगळे आंघोळ करून गोरे-सावळे, जसे होते तसे झाले. मी पिवळाच राहिलो. कुणाला काही वाटलं नाही. मला तर नाहीच. मांडवातला एक जण म्हणालासुद्धा, ‘‘जावयाला हळद लई चढली.’’

तिसऱ्या दिवशी कमलने मला मोरीत बसवलं आणि वजरी घेऊन मान घासायला लागली. कातडी सोलायची वेळ आली तरी पिवळेपणा जाईना. मग तिने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं.

‘‘अवो,’’ ती म्हणाली, ‘‘डोळ्यात पण लावली काय तुमाला हळद?’’

मी हसलो. ती हसली नाही. वजरी तिच्या हातातून खाली पडली तो आवाज मला अजून आठवतो. तिथून मी घाबरायला लागलो, आणि पुढचे कितीतरी दिवस घाबरण्याशिवाय दुसरं काही केलं नाही.

*

कावीळ म्हटली की आमच्या भागात माणूस आधी उतरवणाऱ्याकडे जातो. वैशाखऱ्याला एक म्हातारे आहेत. पितळेच्या परातीत पाणी, त्यात चुना, त्या पाण्यात तुमचे हात धुवायचे. पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ उतरली. पैसे घेत नाहीत. माणूस देवासारखा.

निघायच्या आधी मी गिरणी चालू केली. वाडीवरची एक म्हातारी हळकुंडं घेऊन सकाळपासून बसली होती, तिला परत कशी पाठवणार? तेवढं कांडून, हात पँटला पुसून, मी कमलबरोबर वैशाखऱ्याला गेलो.

म्हाताऱ्यांनी परात पुढे ओढली, पुटपुटत माझे हात पाण्यात धरले आणि चोळायला लागले. पाणी पिवळं झालं नाही. लाल झालं. बघता बघता गडद लाल, बोकड कापल्यावर असतं तसं.

म्हाताऱ्यांनी माझे हात सोडले. मागे सरकले. ‘‘हे माझ्या हातचं नाय,’’ ते म्हणाले. ‘‘रगात उतरलंय. गिरणवाल्या, आजच्या आज दवाखान्यात जा. इथं बसू नको.’’

कमलने दाराची चौकट धरली. त्या परातीत मी माझं मरण बघितलं, खोटं सांगत नाही.

हळदीला चुना लागला की लाल होतं, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. माझी आई तसंच घरी कुंकू करायची आणि हळद कांडून द्यायचा कोण, तर मी. पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. म्हाताऱ्यांना नाही, कमललाही नाही. सुचलं ते दवाखान्यात चौथ्या दिवशी, सलाइनकडे बघता बघता. पण खरं सांगू का, मी हात धुऊन गेलो असतो, तर पाणी पिवळं झालं असतं. मी बरा झालो असं समजून घरी आलो असतो, गोळी घेतली असती आणि गिरणीचा पट्टा चढवला असता.

*

शहापूरला माझी बहीण दिली आहे, तिच्या घराजवळच्या दवाखान्यात मला ठेवलं. डॉक्टर मॅडम तरुण, कमी बोलणाऱ्या. रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. संध्याकाळी कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘लिव्हरला सूज आहे, आणि साधी नाही. का आली ते शोधावं लागेल.’’ मग विचारलं, ‘‘दारू?’’

‘‘नाही.’’

‘‘पूर्वी?’’

‘‘कधीच नाही, मॅडम.’’

‘‘औषध काही चालू होतं?’’

‘‘काही नाही.’’

त्यांनी कमलला बाहेर बोलावून तेच विचारलं असणार. कारण संध्याकाळी डबा उघडता उघडता कमल एकदम म्हणाली, ‘‘गिरणीच्या मागं, पोत्यांच्या आड कधी बाटली ठेवली काय तुमी? खरं सांगा. मी चिडणार नाय.’’

मी चिडलो. इतकी वर्षं संसार केला आणि हे विचारते. आवाज चढवला, बाजूच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. तिने डबा तसाच झाकला. ती जेवली नाही, मी जेवलो नाही. दवाखान्यात माणसं आजाराने जेवढी खचतात तेवढीच अशा संशयाने खचतात. आणि गंमत अशी, की बाटली होती. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, उशीखाली. पण तिने विचारली ती दारूची, आणि माझ्या मनात ही बाटली आलीच नाही.

रोज सकाळी रक्त. रोज काविळीचा आकडा आदल्या दिवसापेक्षा वर. कावीळ करणारे जंतू शोधले, सापडले नाहीत. बाकीच्या तपासण्याही कोऱ्या.

मॅडम सकाळी आल्या की विचारायच्या, ‘‘नाव सांगा. आज वार कुठला? आपण कुठे आहोत?’’ मग दोन्ही हात पुढे करून पंजे उभे धरायला लावायच्या.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, ‘‘एस.टी. थांबवायची आहे का?’’ त्या हसल्या नाहीत.

हे कशासाठी, असं मी सिस्टरला विचारलं. सिस्टर आमच्याच पट्ट्यातल्या, खर्डीच्या. त्यांनी सरळ सांगून टाकलं, ‘‘काका, लिव्हर लई बिघडलं ना, की घाण डोक्यात चढते. माणूस बरळतो. हात थरथरतात. ते वेळेत कळावं म्हणून.’’

झालं. त्या दिवसापासून मी वारांचा अभ्यास सुरू केला. दवाखान्यात सगळे दिवस सारखेच असतात. सकाळी झाडू, मग सुई, मग पेज. मी बहिणीला येताना वार विचारायचो, जाताना परत विचारायचो. सलाइनच्या चिकटपट्टीवर पेनाने ‘गुरुवार’ लिहून ठेवायचो. पांघरुणाखाली पंजे उभे धरून बघायचो, हलतात का. हलायचे. भीतीने हलतात की लिव्हरने, हे कसं कळणार?

एका सकाळी मॅडमनी वार विचारलाच नाही. म्हणाल्या, ‘‘काल संध्याकाळी डब्यात काय होतं?’’

हे मी पाठ केलं नव्हतं. डोकं रिकामं झालं. भात होता, एवढं आठवलं. भाजी? काहीच नाही. मी कमलकडे बघितलं, तिने ओठ हलवले, मला कळलं नाही. मॅडमनी सिस्टरला हळू आवाजात काही सांगितलं आणि कमलला पडद्याच्या पलीकडे नेलं.

पडदा कापडाचा असतो. ‘मुंबई’ ऐकू आलं. ‘लिव्हर बदलावं लागलं तर’ ऐकू आलं. आणि मग कमलचा आवाज. गिरणीत मला चाळण मागताना असतो तसा, साधा.

‘‘माझं देता येल काय?’’

मी भिंतीकडे तोंड केलं. मुलगी आमची नाशिकला नर्सिंग शिकते. तिला अजून सांगितलं नव्हतं, परीक्षा होती. मनात आलं, हिचं पोट फाडून माझ्यात घालणार, आणि दोघं राहिलो नाही तर? मग कमल बाहेर फोन लावायला गेल्यावर मी काय केलं असेल? उशीखालून बाटली काढली आणि तीन गोळ्या एकदम घेतल्या. रवीनेच कधीतरी सांगितलं होतं, लिव्हरलासुद्धा चांगल्या.

*

दुपारी सिस्टर सलाइन बदलायला आल्या आणि खाटेच्या दांड्याला टेकून गुडघा चोळायला लागल्या. सकाळपासून उभ्या होत्या. मला वाईट वाटलं. मरायला टेकलेला माणूस उदार होतो.

‘‘सिस्टर, गुडघ्याला हे घ्या,’’ मी बाटली काढून दिली. ‘‘मला लई गुण आला.’’

त्यांनी बाटली फिरवून वाचली. ‘‘काका, ही कुणाची?’’

‘‘माझीच. तुमी ठेवा, माझ्याकडं दुसरी हाय.’’

‘‘कधीपासून घेता?’’

‘‘माघापासून.’’

‘‘दवाखान्यात आल्यावर?’’

‘‘आज तीन घेतल्या.’’

सिस्टर माझ्या खाटेवर बसल्या. सिस्टर कधी पेशंटच्या खाटेवर बसत नाहीत. मग उठल्या आणि बाटली घेऊन जवळजवळ पळत गेल्या. दुखऱ्या गुडघ्याने.

मॅडम आल्या. उभ्या उभ्या बाटलीवरचं सगळं वाचलं, बारीक अक्षरातलंही. त्या ओरडतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या.

‘‘तुम्ही घरी खाता ती हळद वेगळी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती चिमूटभर असते. या गोळीत हळदीचा अर्क आहे, पुष्कळ जास्त, आणि मिरीच्या अर्कामुळे तो अंगात आणखी जास्त शिरतो. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या लिव्हरला ते सोसत नाही. कुणाच्या, ते आधी सांगता येत नाही.’’

‘‘माझा गुडघा खरंच बरा झाला, मॅडम.’’ हे मी का बोललो, देव जाणे. बहुधा बाटलीची बाजू घ्यायला कुणीतरी असावं म्हणून.

‘‘झाला असेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाही म्हणत नाही. पण गुडघ्यासाठी लिव्हर द्यायचं नसतं. हे बंद. याच्यामुळेच झालं असं आज मी छातीठोक सांगू शकत नाही. बंद करून आकडा उतरला, तर हेच.’’

‘‘आणि नाही उतरला तर?’’

त्यांनी पेन खिशाला अडकवलं. ‘‘तर मुंबई.’’

*

पुढचे दिवस कसे गेले ते लिहिता येत नाही. पहिल्या सकाळी आकडा वर. दुसऱ्या सकाळी अजून वर. मॅडम म्हणाल्या, वेळ लागतो. मला वाटलं, समजूत काढताहेत. बाहेर रिक्षा थांबली तरी वाटायचं, मला न्यायला गाडी आली.

त्यातच रवी आला. दारातच उभा राहिला. हातात शहाळं, आणि चेहरा असा की त्यालाच ॲडमिट करावं. ‘‘दाजी,’’ तो म्हणाला, ‘‘मी पण घेतो. आई पण घेते. आमाला काय नाय झालं.’’

ते खरं होतं आणि त्यातच सगळी अडचण होती. त्याने मला फसवलं नव्हतं. जे स्वतःच्या आईला दिलं तेच मला दिलं होतं. मी त्याला बस म्हणालो. कमलने त्याच्या हातातलं शहाळं घेतलं आणि बाजूच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकलं. मॅडमनी त्याला स्वतःचं आणि आईचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं. ते चांगलं निघालं, हे पुढे कळलं. तरी त्याने ग्रुपवरून माझा आवाज काढून टाकला. ज्यांनी आधीच पुढे पाठवला होता, त्यांचं काय ते मला माहीत नाही.

तिसऱ्या सकाळी आकडा तेवढाच. चौथ्या सकाळी सिस्टर कागद हातात धरून आल्या, मॅडमच्या आधी, आणि कमलला म्हणाल्या, ‘‘ताई, उतरला. थोडासाच, पण उतरला.’’ कमलने मान हलवली, बाहेर गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि माझ्यासाठी दोन ग्लुकोजची बिस्किटं आणली होती. मी दोन्ही खाल्ली. पहिल्यांदाच चव लागली.

*

उतरायला मात्र महिने लागले. डोळे पांढरे झाले तेव्हा पाऊस मध्यावर आला होता. गिरणी तोवर कमलनेच चालवली, आणि माझ्यापेक्षा बारीक दळते असं गिऱ्हाइकं तिच्यासमोर आणि माझ्यासमोरही सांगतात.

गुडघा पुन्हा दुखतो. हल्ली मी स्टुलावर बसून दळतो. मधूनमधून असं वाटतं, की तेव्हा गुडघा गोळीने बरा झाला की एरंडाच्या तेलाने, हे आता कधीच कळणार नाही. काहींना त्या गोळीने खरंच बरं वाटत असेल. मी त्यांच्या हातून बाटली हिसकावत नाही. एवढंच सांगतो, की घेत असाल तर डॉक्टरला दाखवा आणि विचारून घ्या. भूक गेली, लघवीचा रंग बदलला, तर थांबा आणि जा. आणि डॉक्टरने औषध विचारलं, तर काढा, पुडी, चूर्ण, शेजारणीने दिलेली मुळी, जे काही तोंडात जातं ते सगळं सांगा. लाजू नका. तुमच्याहून मोठा मूर्ख डॉक्टरसमोर बसून गेलेला आहे.

आमटीतली हळद मॅडमनी बंद केली नाही. तरी पहिली पिवळी आमटी खाताना माझा हात थांबला होता. अजूनही खाज सुटली की मी आरशात डोळे बघतो. रात्री झोपताना स्वतःशी वार म्हणून घेतो. भीती काविळीपेक्षा हळू उतरते.

परवा शेवटचं रक्त तपासलं, सगळं नीट आलं. गिरणीत येऊन कमलला सांगितलं. ती नाचणी चाळत होती. इतके महिने मी तिला विचारलं नव्हतं, ते विचारलं.

‘‘तुला भीती वाटली होती काय गो? मी जाईन म्हणून?’’

‘‘वाटली ना,’’ ती म्हणाली. चाळण थांबली नाही. ‘‘पण त्याहून दुसरी वाटत होती. भेटायला येणारा पहिलं इचारतो, कशानं गेला. आन् मला सांगावं लागलं असतं, गिरणवाला हळद खाऊन मेला.’’